रंग तोच, डबा दुसऱ्या कंपनीचा

गणपती, दिवाळी किंवा गावची यात्रा जवळ आली की घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. सगळं घर नव्यानं रंगवणं दरवेळी परवडत नाही. मग एखादी खोली, एखादी भिंत, कधी नुसता ओलीनं खराब झालेला कोपरा रंगवायचा ठरतो आणि जुन्या रंगाशी नवा जुळत नाही. या वेळचे प्रश्न त्यावरचेच आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : तीन वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीला हिरवट झाक असलेला राखाडी इमल्शन (पाण्यातला भिंतीचा रंग) दिला होता. त्याचा शेड नंबर जपून ठेवलाय. आमच्या दुकानदारानं ती कंपनी ठेवणं बंद केलं आहे. त्यानं दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तोच नंबर टाकून रंग काढून दिला. कॉम्प्युटरमध्ये नंबर सापडला, पण भिंतीवर ठिगळ लावल्यासारखं दिसतंय. असं का झालं?

उत्तर : शेड नंबर ही स्वयंपाकातल्या कृतीसारखी गोष्ट आहे आणि ती कृती त्याच कंपनीच्या सामानासाठी लिहिलेली असते. मशीनवर रंग तयार होतो तो बेस, म्हणजे डब्यातला मूळ रंग, आणि टिंटर यांतून. फिक्या शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा पदार्थ भरपूर असतो, गडद शेडच्या बेसमध्ये जवळजवळ नसतो. टिंटर म्हणजे मशीनच्या टाक्यांतले दाट रंग. साधारण १२ ते १६ टाक्या असतात आणि त्यांतून मिलीलिटरच्या हिशोबानं रंग पडतो. एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स, प्रत्येकाचा बेस वेगळा आणि टिंटरही वेगळे. एकीचा पिवळा ऑक्साइड दुसरीपेक्षा थोडा लालसर असू शकतो. त्यामुळे एका कंपनीची कृती दुसरीच्या मशीनवर जशीच्या तशी चालत नाही.

मग दुसऱ्या मशीनमध्ये नंबर सापडला कसा? कंपन्या एकमेकींची शेडकार्डं मोजून, आपल्या टिंटरमधून त्या रंगाच्या जवळ जाणारी कृती बसवतात आणि ती कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवतात. म्हणजे तुमच्या डब्यातला रंग तुमच्या भिंतीशी जुळवलेलाच नाही. तो कार्डावरच्या इंचभर तुकड्याशी जुळवलाय. त्यात तुमची भिंत तीन वर्षं जुनी. ऊन, धूळ, उदबत्तीचा धूर यांनी ती कार्डापासून लांब गेलीय. हिरवट राखाडीसारख्या मंद रंगात एवढासा फरकही लगेच डोळ्यांत भरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे चमक. तोच रंग मॅटमध्ये फिका आणि पिठूळ दिसतो, चमकदार इमल्शनमध्ये गडद आणि भरलेला दिसतो. जुना रंग मऊ चमकेचा आणि नवा मॅट असेल, तर मशीननं कितीही अचूक काम केलं तरी ठिगळ दिसणारच. म्हणून दुकानात कंपनीचं नाव सांगण्याआधी चमक सांगा. जुनी भिंत बाजूनं, खिडकीच्या दिशेनं तिरकी पाहा, उजेड परततो की नाही ते कळतं.

आता करायचं काय? नंबर बाजूला ठेवा आणि भिंतीचा तुकडाच दुकानात न्या. रंगाला जिथं फुगा किंवा पोपडा आलाय तिथून, नाहीतर दाराआडून, कटरनं दोन इंच बाय दोन इंचाची चौकट कापा आणि पातळ पत्र्याच्या लांबीपट्टीनं (लांबी म्हणजे भिंतीची पुट्टी) पापुद्रा अलगद उचला. मागं थोडी लांबी चिकटून आली तर चालेल, पुढचा भाग सपाट हवा. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं तो पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या. ओला किंवा मळका तुकडा मोजला तर मशीन मळासकट रंग जुळवेल. ज्या दुकानात रंग मोजायचं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे तिथंच जा. तुकडा थोडा फिरवून तीन ठिकाणी मोजायला सांगा आणि सरासरी घ्यायला सांगा.

मोजल्यावर पडद्यावर फरकाचा एक आकडा येतो, त्याला डेल्टा-ई म्हणतात. रंगाचं माप ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९७६ सालच्या पद्धतीवर तो बेतलेला आहे. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही, विचारावा लागतो. १ च्या खाली असेल तर जुळणी उत्तम. १ ते २ असेल तर एकाच भिंतीवर नका वापरू, कोपऱ्यावर थांबणार असाल तर चालेल. ३ च्या वर गेला की घरातल्या कुणालाही फरक दिसेल, तो डबा उचलू नका. आणि पहिल्यांदा एक लिटरच काढा. २०० मिलीच्या डब्यात टिंटरचे इतके बारीक थेंब पडतात की अर्ध्या थेंबाची चूकही रंग हलवते. तो नमुना बघून २० लिटरची ऑर्डर देणं फसवं ठरतं.

पुष्कळ जण सांगतात की तुकडा स्विचबोर्डच्या प्लेटमागून काढा. तिथला रंग ऊन न लागलेला, पहिल्या दिवसासारखा असतो. संपूर्ण खोली मूळ रंगात परत रंगवायची असेल तर तो योग्यच. एकाच भिंतीची डागडुजी करायची असेल तर मात्र तो चुकीचा तुकडा आहे, कारण तुम्हाला आजच्या, उतरलेल्या रंगाशी जुळवायचंय. प्लेट काढायचीच असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

प्रश्न (येळ्ळूर) : आमचं जुनं कौलारू घर आहे. सोप्याच्या दोन भिंती नव्यानं रंगवल्या, दुसऱ्या कंपनीचा रंग घेऊन. दुकानात तुकडा आणि रंग अगदी एक दिसले. घरी रात्री दिव्याखाली थोडा फरक वाटतो आणि दुपारी दार उघडं असलं की नवी भिंत चक्क गुलाबीसर दिसते. रंग बदलतो का?

उत्तर : रंग तोच आहे, उजेड बदलतोय. राखाडी किंवा मातकट शेड दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांनी बनवता येते. काळा, पिवळा ऑक्साइड आणि लाल ऑक्साइड घालून एक राखाडी होतो, काळा, निळा आणि किरमिजी घालून दुसरा. एका प्रकाशात दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. प्रकाश बदलला की त्यांतले घटक तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि दोघं फारकत घेतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन कंपन्यांचे टिंटर वेगळे असल्यानं कंपनी बदलताना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. राखाडी, बदामी, मातकट, जांभळट या शेडमध्ये तर हमखास.

दुकानांत बहुधा ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक ट्यूब असतात. घरातले पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे. जुन्या घराच्या सोप्यात उजेड दारातून येतो, तोही समोरच्या अंगणावरून किंवा लाल मातीवरून परतून, म्हणजे आधीच तांबूस होऊन. दुकानातल्या जुळणीचा या उजेडाशी काही संबंध नव्हता.

रंग मोजायच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला दिवसाचा उजेड आणि पिवळा बल्ब अशा दोन प्रकाशांतला फरक वेगवेगळा दाखवता येतो. एकाच तुकड्यासाठी ते बहुधा तीन-चार कृती सुचवतं. दुकानदार सवयीनं पहिली घेतो, ती कधी कधी फक्त स्वस्त असते. दोन्ही प्रकाशांत सगळ्यात कमी फरक असलेली कृती मागा. घटकांत जुन्या शेडसारखेच टिंटर असतील तर आणखी बरं. जुन्या डब्याच्या झाकणावर टिंटरची यादी चिकटवलेली असेल तर ती सोबत न्या. नंबरापेक्षा ती यादी जास्त कामाची.

घरी तपासणी अशी करा. दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्या, त्याला अस्तराचा (प्रायमरचा) एक हात द्या, मग नव्या रंगाचे दोन हात. मधे चार तास सोडा, पावसाळ्यात रात्रभर. इमल्शन ओला असताना दुधाळ, फिका दिसतो आणि वाळल्यावर थोडा गडद होतो. डिस्टेंपर आणि चुन्याचं उलट, ते वाळताना फिके पडतात. म्हणून २४ तासांच्या आत मत बनवू नका. रंग पुठ्ठ्याच्या अगदी कडेपर्यंत लावा. भोवती पांढरी पट्टी राहिली तर डोळा तिच्याशी तुलना करतो आणि फसतो. मग ती कड जुन्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून पाहा. पुठ्ठा आडवा धरून पाहू नका, भिंतीसारखा उभाच ठेवा.

तुमच्या दोन भिंती रंगवून झाल्या आहेत. पुन्हा रंगवायच्या नसतील तर दारासमोरची भिंत तेवढी बदला. दुपारचा उजेड तिच्यावरच पडतो, आणि आतली भिंत तुलनेला समोर नसली की नजर तिकडं जात नाही.

प्रश्न (निपाणी) : अर्धा रंग कोल्हापुरात घेतला, कमी पडला म्हणून बाकीचा निपाणीत. कंपनी एक, नंबर एक, बेस एक. तरी दोन भिंतींत फरक आहे. मग कंपनी बदलली काय आणि न बदलली काय?

उत्तर : कंपनी एक असली तरी मशीन दोन होती. टाकीतला टिंटर रोज ढवळला गेला नसेल तर जड ऑक्साइड खाली बसतात आणि वरचा पातळ भाग डब्यात पडतो. नळीचं तोंड वाळलेल्या रंगानं अर्धवट बुजलं असेल तर ठरलेल्यापेक्षा कमी पडतं. सकाळच्या पहिल्या डब्यात ही चूक जास्त दिसते. शिवाय बेसच्या दोन बॅचमध्येही थोडा फरक असतोच, म्हणून डब्यावर बॅच नंबर छापलेला असतो.

उपाय जुनाच आहे, पण घाईत विसरला जातो. एका खोलीचे सगळे डबे उघडून एका मोठ्या पिंपात ओता, काठीनं तळापासून पाच मिनिटं ढवळा आणि मग त्यातूनच रंग घ्या. आता मात्र एक डबा संपत आला आणि दुसरा यायचाय अशी स्थिती असेल, तर पहिल्यातला शेवटचा दीड-दोन लिटर शिल्लक असतानाच नवा त्यात मिसळा आणि नवी भिंत कोपऱ्यापासून सुरू करा. भिंतीच्या मधोमध डबा बदलू नका.

कमी पडू नये म्हणून हिशोब आधी करा. लांबी घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर दोन हातांना एक लिटर इमल्शन साधारण १०० ते १२० चौरस फूट जातो. खडबडीत गिलाव्यावर कमी. १२ फूट लांब, १० फूट उंच भिंतीला सव्वा लिटर धरा. गडद बेसचे डबे ०.९, ३.६, ९ आणि १८ लिटरचे येतात, टिंटरला जागा राहावी म्हणून. त्यांना १, ४, १० आणि २० धरून हिशोब केला तर माल कमी पडण्याची भीती असते.

प्रश्न (चिकोडी) : आमचे पेंटरमामा म्हणतात, ‘‘मशीन कशाला? पांढऱ्यात स्टेनर, म्हणजे बाटलीतला दाट रंग, टाकून डोळ्यांनी जुळवतो.’’ करू द्यावं का?

उत्तर : मामांचा हात बसलेला असेल आणि भिंत एकच असेल तर जरूर करू द्या. अनुभवी पेंटरचा डोळा बारीक फरक पकडतो, आणि तो तुमच्याच भिंतीसमोर, तुमच्याच उजेडात जुळवत असतो. ही गोष्ट दुकानातल्या यंत्राला जमत नाही. फक्त तीन पथ्यं पाळायला हवीत.

आधी मशीनवरून अगदी जवळचा, पण किंचित फिका शेड काढा आणि स्टेनर फक्त सुधारणेला वापरा. पांढऱ्यापासून सुरुवात केली तर स्टेनर जास्त लागतो. स्टेनरमध्ये रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ नसतो, जास्त झाला की रंग नीट वाळत नाही, हाताला लागतो, पुसताना उतरतो. बाटलीवर लिहिलेली कमाल मात्रा ओलांडायची नाही. सुधारणेला लिटरमागे एक-दोन मिलीदेखील पुष्कळ होतात.

दुसरं, बादलीत थेट टाकू नका. १०० मिली रंग वाटीत घ्या. औषधाच्या दुकानातून २ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि ०.१ मिलीच्या पायरीनं स्टेनर घाला. प्रत्येक पायरीला पुठ्ठ्यावर एक पट्टी ओढा, तिच्याशेजारी मात्रा लिहा, वाळू द्या. जुळलेली मात्रा मग लिटरच्या हिशोबात दहानं गुणायची. रंग लालसर असेल तर हिरव्याचा कण, पिवळसर असेल तर जांभळ्याचा कण. पण अशी विरुद्ध रंगाची प्रत्येक दुरुस्ती रंग थोडा मळवते. दोन दुरुस्त्यांत जमलं नाही तर नव्या वाटीनं सुरुवात करा. पिवळा वाढवायचा तर भडक पिवळ्याऐवजी पिवळा ऑक्साइड घ्या. तो टिकतो, चुन्यात आणि सिमेंटात उडत नाही.

तिसरं, रंग गडद झाला तर बादलीत पांढरा ओतत बसू नका, बादली भरत जाते आणि रंग हलत नाही. उलट, फिक्या रंगात गडद थोडा थोडा ओता.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : छताला पांढराच द्यायचाय. त्याला कंपनी कशाला बघायची?

उत्तर : पांढऱ्यातही झाक असते. कुणाचा निळसर, कुणाचा पिवळट. छत आणि भिंत वेगळ्या उजेडात असतात, त्यामुळे छत एका कंपनीचं आणि भिंती दुसरीच्या असं खुशाल करा. छताच्या अर्ध्या भागाला मात्र दुसरा पांढरा देऊ नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण छत एकाच डब्यातून रंगवा, तेही खिडकीच्या उजेडाच्या दिशेनं, म्हणजे रोलरचे पट्टे दिसत नाहीत. आणि पांढरं दार इमल्शनच्या भिंतीशी जुळवायचं असेल तर दाराला पाण्यातला इनॅमल घ्या. ऑइल पेंटचा पांढरा अंधाऱ्या जागी, कपाटामागं, दाराआड वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर) : जांभ्याच्या भिंतीत ओल आली होती. लांबी भरून त्याच जुन्या डब्यातला रंग लावला. डबा तोच, कंपनी तीच, तरीही तो चट्टा लांबून दिसतो. मग जुळवायचं कशाशी?

उत्तर : तुमचा रंग जुळलेलाच आहे. चूक अस्तराची आहे. नवी लांबी कोरडी आणि तहानलेली असते, ती रंगातलं पाणी आणि चिकट पदार्थ ओढून घेते. वर राहिलेला रंग निस्तेज, मॅट दिसतो. शेजारची जुनी, रंगानं बंद झालेली भिंत काही ओढत नाही. डोळ्यांना तो रंगातला फरक वाटतो, पण फरक चमकेतला आहे. चट्ट्याला पाण्यातल्या अस्तराचा एक हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मग रंग द्या. त्यातही कडेपर्यंत ब्रश न चालवता छोटा रोलर वापरा, कारण जुनी भिंत रोलरची आहे. ब्रशचे ओरखडे उजेड वेगळा परतवतात.

त्याआधी एक महत्त्वाचं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात जांभ्याची भिंत पाणी पिते आणि महिनोन्‌महिने ते सोडत राहते. ओल निघाल्याशिवाय कोणताही रंग जुळणार नाही, आज जुळला तर महिन्यानं लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, वर येऊन पांढरट पडेल. १८ इंच चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला बंद करा आणि एक दिवस ठेवा. आतून दमट किंवा भिंत काळपट दिसली तर थांबा. लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, क्षार पुन्हा आत जातात. ओल बाहेरून येते, म्हणून बाहेरचा गिलावा आणि छपराची पागोळी आधी बघा. आतलं काम दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर काढलं तर बरं. नवा सिमेंट गिलावा केला असेल तर किमान २८ दिवस सोडा. ताज्या सिमेंटचा खार काही सेंद्रिय पिवळे-लाल टिंटर खाऊन टाकतो आणि रंग डागाडागांनी उतरतो.

प्रश्न (संकेश्वर) : मोबाईलनं भिंतीचा फोटो काढून ॲप दुसऱ्या कंपनीचा शेड सांगतं. खरं असतं का?

उत्तर : शेडकार्डातलं पान शोधायला ठीक आहे, डबा काढायला नाही. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा समतोल स्वतःच बदलतो. त्याच भिंतीचा दिवसा आणि रात्री फोटो काढून बघा, ॲप दोन वेगळे शेड सांगेल.

प्रश्न (कागवाड) : या वेळी पूर्ण घर रंगवतोय. पाच वर्षांनी डागडुजी करायची झाली तर शोधाशोध नको. काय काय जपून ठेवू?

उत्तर : प्रत्येक खोलीसाठी कंपनी, रंगाचं पूर्ण नाव (इमल्शनचा प्रकार आणि चमक यांसह), शेड नंबर, बेस, बॅच नंबर आणि झाकणावरच्या स्टिकरवरची टिंटरची यादी लिहून ठेवा. स्टिकरची शाई दोन-तीन वर्षांत उडते, म्हणून हातानं उतरवून घ्या किंवा फोटो काढा. कागद वीजबिलांच्या फाईलमध्ये हरवतो, त्यापेक्षा त्याच खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

शिवाय खोलीच्या भिंतीबरोबरच एक वीतभर हार्डबोर्डही त्याच डब्यातून दोन हात देऊन रंगवा. मागं तारीख टाका आणि अंधारात, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण खोली परत त्याच रंगात रंगवायची असेल तर दुकानात न्यायला तो तुकडा भिंत खरवडण्यापेक्षा बरा. एकाच भिंतीच्या डागडुजीला मात्र त्या वेळच्या भिंतीचाच तुकडा न्या. उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाला ठेवलात तर वरची हवा त्याची साय धरते. तो काठोकाठ भरेल अशा काचेच्या बरणीत ओता, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घाला आणि बरणी उलटी ठेवा. उघडल्यावर आंबूस, कुजका वास आला तर तो रंग वापरू नका, वाळल्यावरही खोलीतून वास जात नाही.